अकरा चिंचोके

कावळा लगेच शिवला, दादा. पिंड ठेवून भटजी दोन पावलं मागे सरकले नाहीत तोच शिवला. घाटावरच्या पिंपळावरून एक उतरला, त्याच्यामागे आणखी सात-आठ, आणि भात विस्कटून मोकळे झाले. सगळ्यांनी हुश्श केलं. तुझ्या जुन्या ऑफिसातले एक टक्कलवाले गृहस्थ मला म्हणाले, "ताई, भाग्यवान माणूस. मनात काही राहिलं नव्हतं." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून चपला शोधायला लागले.

मनात काही राहिलं नव्हतं म्हणे! बायकांनी घाटावर येऊ नये म्हणून काकांनी मला दोनदा सांगून पाहिलं, तरी मी आलेले ते एवढ्याचसाठी. मला बघायचं होतं कावळा किती खोळंबतो. तासभर तरी खोळंबायला हवा होता. लोकांच्या पायांना मुंग्या यायला हव्या होत्या. मग मी सगळ्यांदेखत पुढे होऊन विचारणार होते, "दादा, माझी वही साहेबांना का दाखवली नाहीस?" तेवढीही संधी मिळाली नाही. आणि कावळ्यांचं काय, त्यांचं कुठेही जमतं. रस्ते करा, इमारती करा, उकिरडे करा, कावळे वाढतातच. आपलं भांडण कोल्ह्यांवरून होतं.

खाडीवर मला पहिल्यांदा तूच नेलंस. मी तिसरीत, तू आठवीत. डोंबिवलीची पश्चिमेकडची वस्ती तेव्हा लवकर संपायची. मग खाजणाची खारी दलदल, मग मातीचा बांध, आणि बांधापलीकडे थेट खाडीपर्यंत तिवरांचं रान. मध्ये काही नाही. बांधात उघाडी होती, ओहोटीला उघडणारं लाकडी दार. तिच्यावर तू बसायचास, आणि मला शंभर पावलांवर बांधाच्या टोकाला बसवायचास. साडेसहाला एमआयडीसीतल्या कुठल्याशा कारखान्याचा भोंगा व्हायचा. तो ऐकला की तिवरांतून कोल्हे ओरडायला लागायचे. भोंग्याला उत्तर द्यायचे बिचारे. आपण मोजायचो. डाव्या खिशात चिंचोके घेऊन बसायचं, आणि नवा आवाज आला की एक चिंचोका उजव्या खिशात. मग दोघांनी आपापले खिसे उलटे करायचे.

"आणि शंका आली तर?" मी विचारलेलं.

"शंका आली तर टाकायचा नाही."

तू टाकायचा नाहीस. मी टाकायचे. मला भरलेला खिसा आवडायचा. तुझे पाच निघायचे, माझे नऊ, आणि तू म्हणायचास, "तुझे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत गं." मी तेवढ्यावर फुलून जायचे. खोटारडा कुठला. तेव्हाच टपली मारून सांगायला काय झालं होतं?

तुझ्यावर उपकार मानायची माझी अजिबात इच्छा नाही, पण एक मानते. बाबांना मला टायपिंगच्या क्लासला घालून कुठेतरी चिकटवायचं होतं. तू जेवताना मध्येच म्हणालास, "ती प्राणिशास्त्र घेणार." बाबा म्हणाले, "आणि करणार काय? बेडूक फाडणार?" तू म्हणालास, "फाडेल. तिला आवडतं." बाबा दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. मी मास्तरीण झाले ती त्या एका वाक्यावर. शाळेत पहिल्या पगाराच्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन आधी तुझ्याकडे आले, नंतर देवाकडे.

मग रस्ता आला. तू तेव्हा ओव्हरसियर होतास आणि काम नेमकं तुझ्याच टेबलावर. खाजणातून खाडीच्या बंदरापर्यंत भराव घालायचा, त्यावर डांबर. नकाशा घरी आणलास, जमिनीवर पसरलास, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्यास. रस्ता तिवरांना मधोमध कापून जात होता. एका बाजूला खाडीला लागून मोठं रान, दुसऱ्या बाजूला शहराकडचा तुकडा. मी तुला वर्गातल्यासारखं समजावलं. म्हटलं, दादा, तुकडा म्हणजे नुसती जागा कमी झाली असं नाही. तुकडा म्हणजे बाहेरून कोणी येणार नाही आणि आतून कोणी जाणार नाही. आतल्या पोरी आतच राहणार, त्यांना बाहेरचा नर मिळणार नाही. कोणी मारायला नको त्यांना. नुसतं एकमेकांपासून तोडलं की पुरे.

तू हं हं करत ऐकलंस आणि पेन्सिलीने रस्त्याच्या मध्यावर एक खूण केलीस. "इथे बारा फुटी गाळा ठेवतो. छोटा पूलच. खालून भरतीचं पाणीही जाईल आणि तुझे कोल्हेही जातील. पण साहेब विचारतील, जनावरं आहेत किती? काहीतरी लेखी दे."

मी लेखी दिलं! दोन महिने रोज संध्याकाळी शाळेतून सायकल हाणत बांधावर गेले. भोंगा, चिंचोके, वही. शहराकडच्या बाजूला अकरा. खाली लाल शाईने ओळ ओढून लिहिलं, "या बाजूस संख्या उत्तम आहे." मला वाटलं, आकडा जेवढा मोठा तेवढी त्यांची किंमत वाढेल. तू वही ब्रीफकेसमध्ये ठेवलीस. मी महिनाभर हवेत होते.

आणि पावसाळ्याआधी जाऊन बघते तर भराव पूर्ण. गाळा नाही, पूल नाही. सिमेंटचे दोन पाईप. त्यातून मुंगूस जाईल, फार तर मांजर. मी तशीच, चिखलाच्या पायांनी, तुझ्या घरी आले. वहिनी चहा टाकत होती.

"वही दाखवलीस का साहेबांना?"

तू पेपर खाली ठेवला नाहीस.

"दादा, मी विचारतेय. वही दाखवलीस का?"

"नाही गं," तू म्हणालास. "राहून गेलं."

राहून गेलं! जसं काही दुधाचं कूपन आणायचं राहून गेलं. मी तुला काय काय बोलले ते वहिनीच्या लक्षात असेल, माझ्या नाही. नेभळट म्हटलं, साहेबाचा हुजऱ्या म्हटलं, ते आठवतं. तू चहा प्यायलास. माझा कप तसाच राहिला. नंतर तू बदली घेऊन ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहायला गेलास. मला वाटलं, तोंड लपवायला गेलास.

नऊ वर्षं त्या तुकड्याचं काय झालं ते मी बघितलं, तू नाही. पहिल्या दोन वर्षांत पाईपांत प्लॅस्टिक आणि गाळ अडकला. भरती आत येईना. चिखल कडक झाला. मऊ चिखलात बिळं करून राहणाऱ्या निवट्या मासोळ्या आधी गेल्या, मग चिंबोऱ्या कमी झाल्या. हिराबाई तुला आठवतच असेल. बंदराजवळची कोळीण, उघाडीपाशी गुडघाभर चिखलात हात घालून निवट्या पकडायची. तिला होडीने पलीकडच्या रानात जावं लागायला लागलं. कडेने चाळी आल्या, चाळींबरोबर कुत्री. एक कोल्ही रस्त्यावर ट्रकखाली मेली. पलीकडच्या रानाकडे तोंड करून पडलेली. भोंग्याला उत्तर येत राहिलं, पण बारीक होत गेलं. चौथ्या वर्षी दोन चिंचोके. पाचव्या वर्षी एक. त्या एकाला दुसरं कोणी साथ देईना. भोंगा संपला तरी तो थोडा वेळ ओरडायचा. रविवारी सकाळी सगळी डोंबिवली टीव्हीपुढे बसलेली असायची तेव्हा मी दुर्बीण घेऊन त्या खुराड्याएवढ्या रानाभोवती फिरायचे. सातव्या वर्षापासून भोंग्याला फक्त कुत्री ओरडतात.

दर भाऊबीजेला मी ठाण्याला यायचे. आईने मरताना तेवढं मागितलं होतं म्हणून. तुला ओवाळायचे, पण तोंडाकडे बघायचे नाही, कपाळाकडे बघायचे. तू साडी द्यायचास, मी "छान आहे" म्हणायचे आणि सहा बाराची गाडी पकडायचे. एका वर्षी, तो शेवटचा कोल्हाही गप्प झाल्यानंतर, तू ताटात साडीवर चार चिंचोके ठेवलेस. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळं रान संपलं आणि हा चेष्टा करतोय! मी ते उचलून खिडकीतून रस्त्यावर भिरकावले. तू काही म्हणायला तोंड उघडलंस. मी म्हटलं, "एक अक्षर बोलू नकोस." आणि मेल्या, तू ऐकलंस! जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंस ते तेव्हा.

मग तू गेलास. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी मी आलेले, तुझ्या नाकात नळी होती. तू हाताने खूण करून मला जवळ बोलावलंस. मी म्हटलं, "आराम कर, उद्या बोलू." मला वाटत होतं, आता हा माफी मागणार, आणि मला ती इतक्या स्वस्तात द्यायची नव्हती. उद्या काही आला नाही.

तेराव्याला हिराबाई आली. आमंत्रण कोणी दिलं नव्हतं, कुठून तरी कळलं तिला. नवं लुगडं, अंबाड्यात अबोली. पानं वाढायची गडबड चालू होती. वहिनीला तिला कुठे बसवावं कळेना. मीच तिला गॅलरीत घेऊन गेले. तुझ्या फोटोकडे बघून ती जरा रडली. मी म्हटलं, "हिराबाई, याच्यासाठी रडू नका. यानेच तुमच्या निवट्या मारल्या. माझी वही साहेबाला दाखवली असती तर पूल झाला असता."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कोन बोलला दाखवली नाय? माझ्यासमोर दाखवली ना."

"कुठे?"

"बांधावं. साहेब जीप घेऊन आलेला. तुझे दादूसनं वही दिली त्याचे हातान. साहेब वाचला नि हसला. बोलला, अकरा? चांगलेच हायेत की. बाईनं लिवलंय संख्या उत्तम. मंग अलीकडंच भागतंय ना त्यांचं, कशाला पायजे पूल? पानी जाया पाईप बास."

मी कठडा धरला. आत कोणीतरी "मीठ, मीठ" म्हणून ओरडत होतं.

"नि बाय," हिराबाई म्हणाली, "अकरा नव्हतेच. चारच व्हते. मी रोज सकालचे त्यांचे पाय उमटलेले बघतेय चिखलान. एक म्हातारी, तिचा नर नि दोन पोरी. दादूसनं मना इचारलं व्हतं तवाच, साहेब यायचे आधी. मी बोलली, चार."

"मग तो साहेबाला बोलला का नाही?"

"नाय बोलला. उभा राहिला गप. साहेब गेल्यावं मना शपथ घातली. बोलला, हिराबाई, बहिनीला नको सांगू, तिनं लई मेहनत केलीय. नि चारचौघांत मास्तरनीला खोटी कशी पाडू?" तिने पदराने डोळे पुसले. "आता शपथ घालनाराच गेला. मी कुनाची पालू?"

मी तिचं एकदम खरं मानलं नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या होडीत बसून मोठ्या रानाच्या कडेला गेले. भोंगा झाला. मी डोळे मिटले, खिशात हात घातला आणि मोजायला लागले. एक भुंकल्यासारखा, एक लांब, एक चिरका, एक मध्येच तुटलेला. सहा चिंचोके. मग हिराबाईने माझा दंड दाबला. डोळे उघडले. वीस हातांवर, उघड्या चिखलात, दोन कोल्हे माना वर करून उभे होते. दोनच! एकेक जनावर तीन-तीन गळ्यांनी ओरडत होतं. आणि मी बीएस्सी, बीएड, आयुष्यभर दोनाचे सहा करत आले. शंका आली तर टाकायचा नाही, हे तू सांगितलेलं होतंस.

तेव्हा मी रडले, कबूल करते. होडीत, त्या कोळिणीसमोर, नाक शिंकरून रडले. नऊ वर्षं तुला नेभळट म्हणत होते आणि तू माझी चूक उरावर घेऊन चहा पीत होतास. ते चार चिंचोके म्हणजे चेष्टा नव्हती. तू सांगत होतास. आणि हॉस्पिटलमध्ये मी तुला उद्यावर ढकललं.

पण एवढ्याने सुटलास असं समजू नकोस. आता मला तुझा जास्त राग आलाय, आणि या वेळी रागाचं कारण बरोबर आहे. खोटी पाडायची होतीस मला! जीपसमोर, साहेबासमोर, अख्ख्या बंदरासमोर पाडायची होतीस. म्हणायचं होतंस, साहेब, माझी बहीण चुकलीय, चारच आहेत, दोन तर नुसत्या पोरी आहेत, वाट ठेवली नाही तर चार-पाच वर्षांत संपतील. ऐकलं नसतं साहेबाने, तर नसतं. चारांसाठी कशाला पूल, असंही म्हणाला असता, ती जात मला ठाऊक आहे. पण बोलायचं होतंस. मी महिनाभर रुसले असते, मेले नसते. तो कोल्हा दोन वर्षं एकटा ओरडला. माझं तोंड त्याच्या गळ्यापेक्षा मोठं वाटलं तुला? कोणी मागितली होती रे असली माया?

लोक येतात आणि तुला देवमाणूस म्हणतात. मी पाण्याचा पेला पुढे करते.

आता शेवटचं ऐक. मोठ्या रानातही लाल खुंट्या मारल्या आहेत. दुसरा रस्ता येतोय, बंदरापासून कल्याणच्या बाजूला. म्हणजे त्या मोठ्या रानाचेही दोन तुकडे. पहिल्या खुंटीपाशी हिराबाईच मला घेऊन गेली. गेले वीस दिवस आम्ही दोघी पहाटेच्या ओहोटीला चिखलात उतरतो. ती पाय दाखवते, मी मोजपट्टी लावून लिहिते. हा नर, ही लंगडी, ही या वर्षीची पिल्लं. खिशात चिंचोके नाहीत. जे पाऊल दिसलं नाही ते लिहायचं नाही.

काल नवी वही घेऊन तुझ्याच जुन्या ऑफिसात गेले. तोच जिना, तोच पंखा, साहेब नवा. पोरगेलासा आहे, चष्मा लावतो. वहीच्या पहिल्या पानावर मी जुना आकडा लिहिलाय, त्याखाली चार, आणि त्याखाली हिराबाईचा अंगठा. माझी सही तिच्या खाली आहे. साहेबांनी पान वाचलं, जुनी फाइल मागवली. त्यात माझी ती वही होती, दादा, दोऱ्याने टाचलेली, लाल शाईच्या ओळीसकट. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. टेबलाभोवती चार-पाच लोक होते. तुझे ते टक्कलवालेही होते.

"बाई," साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही तेव्हा जे लिहून दिलं होतं ते खोटं होतं?"

कान तापले. हिराबाई शेजारी उभी होती, तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हो," मी म्हटलं.

एवढंच होतं रे दादा. एवढंच बोलायचं होतं.